दुसऱ्याचा दोर

ओझेम मूर्ख, असं आमच्या खाडीवर सगळेच म्हणतात. म्हणोत बापडे. माझं बर्फाचं गोदाम धक्क्याच्या तोंडाशीच आहे. कोळंबीला निघालेली प्रत्येक बोट आधी माझ्या दारात थांबते, बर्फ भरते आणि मगच पुढे जाते. त्यामुळे इथला कोण किती शहाणा ते मला कुणी शिकवायला नको. इतकी वर्षं मी तोंड मिटून होते. आता जुन्या कालव्याच्या तोंडाला सरकारने लोखंडी दरवाजा बसवला, वादळात तिकडे बोटी न्यायच्या बंद झाल्या, म्हणून बोलते.

ओझेम माझ्याच वर्गातला. अंगाने काटकुळा, कान मोठे, बोलणं कमी. त्याने उभ्या जन्मात एकच मोठी गोष्ट केली: सायप्रस झाडाच्या लाकडाची एक बोट बांधली. बापाच्या अंगणात, एकट्याने, सुट्टीसुट्टीला, फळी फळी जोडून. तिला सेंट रिटाचं नाव दिलं. अशक्य गोष्टींसाठी आमच्या बाया ज्या संतिणीला मेणबत्ती लावतात, तीच ही. बोट होईपर्यंत ओझेमचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्याची बायको एल्डा माझ्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "माझी पाठ धरली तर ह्याला तेल चोळायला सवड नाही. तिच्या तळाला मात्र दर वसंतात नवा रंग!" माणसं हसायची. ओझेमही हसायचा. बोट तशी होतीच देखणी, खोटं कशाला बोलू.

लाकडी बोटीचा विमा कुणी उतरवत नाही. गेली तर गेली. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून वादळाची बातमी आली की त्याला जेवण जायचं नाही.

आमच्याकडे वादळ आलं की बोटी धक्क्याला ठेवत नाहीत. धक्क्याचे खांब टिकत नाहीत, बोटी कुठल्या टिकायला! सगळ्या बोटी वर, झाडीतल्या जुन्या कालव्यात न्यायच्या. पहिली बोट काठावरच्या झाडांना बांधायची, दुसरी तिला, तिसरी दुसरीला, अशी एकीला एक लावून रांग करायची. प्रत्येक बोटीवर एक माणूस थांबतो. पाणी चढेल तसे दोर सैल करायचे, उतरेल तसे ओढून घ्यायचे. नाहीतर ताणलेला दोरच बोटीला पाण्याखाली खेचतो.

आणि ह्या कालव्याचा एक नियम होता. टाकलेला दोर घ्यायचा, नाही म्हणायचं नाही. आणि घेतलेला दोर ज्याने टाकला त्यानेच सोडवायचा, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. आजोबांच्या काळात बायकापोरं बोटीतच राहायची. तेव्हा एका शहाण्याने आपली बोट वाचवायला शेजाऱ्याचा दोर तोडला. सुटलेल्या बोटीतली सगळी माणसं गेली. तोडणाऱ्याच्या घराशी पुढे कुणी सोयरीक केली नाही, त्याच्या मयतीला खांदा द्यायला भाड्याने माणसं आणावी लागली. तेव्हापासून हा नियम. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ.

एका साली सप्टेंबरात वादळ आलं. माणसं एकेक करत कालव्यात शिरली. ओझेम दुसऱ्यांचे दोर बांधून देत बसला, त्यामुळे स्वतः शेवटी राहिला. रांगेत त्याच्या आतल्या अंगाला नॉरिसची बोट. नॉरिस म्हणजे ओझेमचा जिवाभावाचा दोस्त, त्याच्या मुलीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरून नॉरिसच उभा होता. त्याचीही बोट लाकडीच. दोघं मिळून कॉफी पीत बसले होते, वारा वाढत होता, आणि तेवढ्यात कालव्याच्या तोंडातून आमच्या खाडीवरच्या तरण्या रँडलची बोट आली.

रँडलची बोट लोखंडी, सेंट रिटाच्या दुप्पट. कर्जावर घेतलेली, विम्याने मढवलेली. तिला त्याने स्वतःचंच नाव ठेवलं होतं, त्यावरून काय ते समजा. वादळाआधी कोळंबी दाटीने धावते, म्हणून शेवटचं जाळं ओढायला हा पठ्ठ्या मागे राहिला आणि आता सगळ्यांच्या नंतर आला.

"काका, दोर घे!" त्याने आरोळी दिली.

नॉरिसने ओझेमचा दंड धरला. "घेऊ नकोस. लोखंड आहे ते. तुझा चुरा करील. म्हणावं, पलीकडच्या काठाला जा."

"पलीकडे झाडं नाहीत."

"मग त्याचं तो बघेल! कोळंबी ओढताना आपल्याला विचारलं होतं?"

"टाकलाय त्याने दोर," ओझेम म्हणाला. आणि घेतला. खुंट्याला नीट वेढे देऊन बांधला. दोन बोटींच्या मधे जुने टायर सोडले, होते नव्हते तेवढे. नॉरिस शिव्या घालत आपल्या बोटीवर गेला.

दुपारी वादळ भिडलं. पाणी चढलं ते काठ, रस्ता, कुंपणं सगळं गिळत चढलं. वारा फिरला आणि ते लोखंडी धूड सेंट रिटावर रेललं. टायर एकेक करून फुटले, निसटले. मग लोखंड लाकडाला लागलं. प्रत्येक लाटेला एक दणका. ओझेम हातात कुऱ्हाड घेऊन दोराशी उभा होता. एक घाव घालायचा, की रँडलची बोट सुटणार आणि सेंट रिटा मोकळी होणार.

"रँडल! दोर सोड! अरे रँडल!"

उत्तर नाही. पण लोखंडी बोटीच्या वरच्या खोलीत दिवा जळत होता. पावसातून पिवळा दिसत होता.

"तोड!" नॉरिस आपल्या बोटीवरून ओरडला. "ओझेम, तोड तो!"

"आत माणूस आहे! दिवा आहे!"

"अरे तोड, मेल्या!"

ओझेमने नाही तोडला. गळा फाटेपर्यंत हाका मारत राहिला. हे नॉरिसनेच नंतर मला सांगितलं. म्हणाला, "व्हर्ली, मी बघत होतो. फळी मोडली की तो असा कळवळायचा, जसं काही त्याचंच हाड मोडतंय. आणि कुऱ्हाड तशीच हातात." सेंट रिटाची कूस फुटली, पाणी आत शिरलं. ती बसायला लागली तेव्हा ओझेम उडी मारून लोखंडी बोटीवर चढला आणि धडपडत दिव्याच्या खोलीत गेला.

खोलीत कुणी नव्हतं. रेडिओ चालू होता, खरखर करत. खुर्चीवर चिप्सची रिकामी पिशवी. रँडल दोर टाकून, मागच्या अंगाने होडक्यातून काठावर उतरून, ट्रकमधे बसून केव्हाच बॅटन रूज शहरातल्या मोटेलात पोचला होता. पाणी उपसायचा पंप चालावा म्हणून जनरेटर चालू ठेवून गेला होता, त्यावर दिवा जळत होता.

ओझेम त्याच खुर्चीवर बसून राहिला आणि खिडकीतून आपली बोट बुडताना बघत राहिला. बुडाली तीही नीट बुडाली नाही. नॉरिसची बोट आणि लोखंडी बोट ह्यांच्या मधे अडकून राहिली, आणि पुढचे सगळे दणके तिच्या मढ्याने खाल्ले. नॉरिसच्या बोटीचा रंगसुद्धा गेला नाही.

वादळ ओसरलं तेव्हा धक्का म्हणून काही उरलं नव्हतं. खांब तेवढे दातांसारखे उभे. माझ्या गोदामाचं छप्पर कब्रस्तानात जाऊन पडलं होतं. जे कालव्यात गेले नाहीत त्यांच्या बोटी रस्त्यावर, कुणाच्या अंगणात, एक तर चर्चच्या पायऱ्यांवर. वीज गेलेली, सगळ्यांच्या फ्रीजरमधली कोळंबी सडलेली, आठवडाभर घास तोंडात घालवत नव्हता. अशा नरकातही माणसांना हसायला विषय हवा असतो. तो ओझेम झाला.

"दिव्याला घाबरला म्हणे!"

"अरे, चिप्सच्या पिशवीसाठी बोट बुडवली लेकाच्याने!"

बैल गेला नि झोपा केला. जो तो येऊन त्याला सांगायचा की तोडायला हवा होता. हेच लोक! त्याने तोडला असता आणि आत खरंच कुणी असतं, तर ह्यांनीच त्याच्या दारावरून जाताना थुंकलं असतं. रँडल डोनटचा मोठा खोका घेऊन परत आला. सगळ्यांना वाटत वाटत ओझेमपाशी पोचला.

"काका, तोडायचा ना! मी काय बोललो असतो? विमा आहे माझा."

ओझेमने डोनट घेतला. हातात धरून उभा राहिला. मला रडू आवरेना, म्हणून मी रँडलला अशी आईबापावरून शिवी हासडली की पाद्रीबुवांनी मान फिरवली.

कालवा मोकळा करायचा हुकूम आला. सेंट रिटाचे अवशेष ओढून काढायला एवढी ताकदवान बोट एकच होती, रँडलची. आणि पाण्यात बुडी मारून, कुठल्या वाशाला साखळी घातली तर ती अख्खी निघेल हे ठाऊक असलेला माणूसही एकच. ओझेमने साखळी घातली, वर येऊन हात केला. ती अख्खी नाही निघाली. तुकड्यातुकड्यांनी निघाली, काठावर ढीग झाला, तो जाळला.

मग पोट आहे. ओझेम रँडलच्याच बोटीवर खलाशी म्हणून लागला. दुसरं कोण घेणार होतं त्या वयात? एल्डाने तर ताळतंत्रच सोडलं. "स्वतःची बुडवली, आता दुसऱ्याची धुतोय," असं ती त्याच्या तोंडावर, चारचौघांत. तिचंही बरोबरच होतं म्हणा. घर चालवायचं होतं तिला, आणि नवऱ्याचा राग काढायला नवराच सापडतो.

पण ह्या माणसाला बोटीपेक्षाही एक गोष्ट खात होती. बर्फ भरायला आला की फावडं टेकून उभा राहायचा आणि जो कुणी असेल त्याला विचारायचा, "समज, तुझी बोट आहे. समोर दिवा आहे. तू तोडला असतास?"

"तोडला असता."

"नाही. तोंडाने म्हणतोस. हातात कुऱ्हाड असती तर नसता तोडलास. आपल्या खाडीवर कुणीच नसता तोडला."

हीच त्याची भाकरी होती. बोट गेली ती नियमापायी गेली, आणि नियम सगळ्यांचा आहे, एवढ्यावर तो सकाळी उठायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, नॉरिस तर तोड म्हणून ओरडत होता." तर म्हणाला, "ओरडणं वेगळं, व्हर्ली. माझी कीव येऊन ओरडला तो. स्वतःवर आली असती तर नसता तोडला नॉरिसने." मी बर्फ भरायला लागले. भुकेल्याच्या ताटातलं कोण काढून घेणार!

पुढच्याच साली पुन्हा वादळ. पुन्हा कालवा, पुन्हा रांग. पुन्हा रँडल उशिरा. फक्त ह्या वेळी त्याने ओझेमला बोटीवर ठेवलं. "तू आहेस, काका, मला घोर नाही," म्हणाला आणि बॅटन रूजला पळाला. रांगेच्या टोकाला ह्या वेळी नॉरिसची बोट होती. ओझेमने दोर टाकला. नॉरिसने घेतला. घेताना हसला म्हणे, आणि म्हणाला, "बघ हं, माझा चुरा करू नकोस."

वारा आला, पाणी चढलं, लोखंड लाकडावर रेलायला लागलं. ओझेमला हे सगळं ठाऊकच होतं. रँडलच्या बोटीवरचे सगळे टायर, गाद्या, जाळ्यांचे गुंडाळे त्याने मधे सोडले. नॉरिसला दणका बसू नये म्हणून डेकवर पालथा पडून, हातापायांनी टायर दाबून धरत होता. दोर सैल करून बोट थोडी लांब घ्यायची, तर त्यासाठी वारा जरा पडायला हवा होता. त्याची वाट बघत होता.

वारा पडायच्या आत दोर सुटला. रँडलची बोट गर्रकन फिरली, कालव्याबाहेर फेकली गेली, बुडालेल्या गवताळ रानावरून वाहत गेली आणि बांधावर आदळून आडवी झाली. तिच्या डेकवरचं लोखंडी चाक ओझेमच्या पायावर आलं. पाणी ओसरल्यावर चिंबोऱ्या धरणाऱ्यांना तो सापडला. गुडघ्याखालचा पाय डॉक्टरांनी काढून टाकला.

रँडल हॉस्पिटलात येऊन गेला. फुलं आणली होती. विचारलं काय? "काका, तू होतास ना बोटीवर? मग सुटली कशी?"

ओझेमला हॉस्पिटलातून मीच आणलं, माझ्या ट्रकमधून. एल्डा म्हणाली होती, मला नाही जमणार. वाटेत तो म्हणाला, "नॉरिसकडे थांबव जरा." मला वाटलं, दोस्ताला भेटायचं असेल. कुबड्या नव्या, जिने चढता येईनात, म्हणून नॉरिसच खाली अंगणात आला. मागे पाण्यात त्याची बोट उभी होती, ताजा रंग दिलेली.

"दोराचं टोक पाहिलं मी," ओझेम म्हणाला. "सरळ कापलेलं होतं."

नॉरिस मागे आपल्या बोटीकडे वळून बघायला लागला.

"पाऊस फार होता. तुला कळलं नसेल आत कोण आहे ते. तुला वाटलं असेल मागल्यासारखाच नुसता दिवा आहे." ओझेम त्याला वाट काढून देत होता. अक्षरशः हात धरून बाहेर काढत होता.

"दिवा कशाला?" नॉरिस म्हणाला. "तूच दिसलास की. डेकवर पालथा पडला होतास, माझ्यासाठी टायर धरून."

"मग?"

"मग काय? गेल्या वेळी तू नाही तोडलास, तुला काय मिळालं? सगळी खाडी हसली. मीही हसलो. मला माझ्यावर हसून घ्यायचं नव्हतं." वर म्हणाला, "हाक मारली होती मी. म्हटलं, घट्ट धरून राहा."

मी ट्रकमधला लोखंडी पाना उचलला होता, देवाशपथ. ओझेमने माझा हात धरला. त्याचा चेहरा मला बघवेना. बोट बुडतानाही त्याचा चेहरा असा झाला नसेल.

"पोरीने विचारलं तर काय सांगू?" त्याने नॉरिसला विचारलं. "तू तिचा धर्मपिता."

"सांग, दोर तुटला."

ओझेमने मान हलवली. कुबड्या टेकत ट्रकमधे येऊन बसला. मग म्हणाला, "व्हर्ली, कुणाला सांगू नकोस. कळलं तर पुढच्या वादळात कुणी कुणाचा दोर घेणार नाही."

"मरू देत सगळे!"

"शपथ घे."

घेतली. काय करणार! त्याचं घर आलं. एल्डा दारात उभी होती, शेजारच्या दोघी-तिघी जमलेल्या. तिने त्याच्या पँटच्या रिकाम्या पायाकडे पाहिलं, ओठ आवळले, आणि मला वाटलं आता रडेल.

"झालं काय पण नेमकं?" तिने विचारलं. "कशी सुटली बोट?"

"दोर तुटला," ओझेम म्हणाला.

"आख्खा जन्म पाण्यात गेला तुझा," एल्डा म्हणाली, "आणि एक दोर धड बांधता आला नाही?"

शेजारणींतली एक फिसकन हसली. ओझेम कुबड्या सावरत पायरीकडे वळला. मी खाली उतरून त्याला धरलं, कारण दुसरं कुणी पुढे आलं नाही.